पिक्चर काढण्याआधी दादासाहेब फाळके फोटो छापायचे, घराचा छापखाना मात्र नंतर झाला

काशीदच्या किनाऱ्यावर गेलेला माणूस फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. पांढरी वाळू, मागे सुरूचं बन, समोर समुद्र. हल्ली तर मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून थेट पाण्याखालचे फोटोही काढले जातात. पण घरी येऊन तोच फोटो प्रिंटरवर छापला की तोंड पडतं. स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर हिरवट, मळकट दिसतो.

कारण साधं आहे. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ संपतो आणि उरतो तो निळा-हिरवा. त्यात कोकणच्या किनाऱ्यावर पाण्यात गाळ असतो. आणि जो रंग फोटोतच नाही, तो प्रिंटर आणणार कुठून?

कॅमेऱ्यात टिपलेला रंग कागदावर नेमका उतरवायचा कसा, या एकाच प्रश्नामागे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने उमेदीची वर्षं घालवली. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटलं की लोकांना फक्त सिनेमा आठवतो. पण सिनेमाच्या आधी हा माणूस छपाईवाला होता.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजाचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. तिथून ते बडोद्याला कलाभवनात गेले. तिथेच त्यांना फोटोग्राफीचं वेड लागलं.

फोटो काढून ते थांबले नाहीत. फोटोचे हाफटोन ब्लॉक बनवणं, दगडावरून छपाई करणं, तीन रंगांची छपाई, हे सगळं ते शिकले.

आता ही तीन रंगांची भानगड काय? तर एकाच चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचेतून तीन फोटो घ्यायचे. त्यावरून तीन ब्लॉक करायचे. मग एकाच कागदावर पिवळी, लाल आणि निळी शाई एकावर एक छापायची. कागद केसभर सरकला तरी चित्र बिघडलं. आजच्या घरगुती प्रिंटरमध्ये पिवळी, गुलाबीसर लाल, आकाशी आणि काळी अशा शाया असतात, त्यामागचं तत्त्व हेच.

शिक्षण झालं, पण धंदा बसेना. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तेवढ्यात प्लेग आला आणि १९०० साली त्यात पत्नी आणि मूल दोघंही गेली. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. या पत्नीचं नाव सरस्वतीबाई. ते लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यांची आहे.

१९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी मिळाली. पण पुढे स्वदेशीचं वारं आलं आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या प्रेससाठी काम केलं. नंतर छापखाना दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईची यंत्रं नीट पारखून घ्यायची म्हणून १९०९ मध्ये ते थेट जर्मनीला गेले.

छपाई उत्तम होती, नावही झालं. पण भागीदारांशी बिनसलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने स्वतः उभा केलेला छापखाना सोडला.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या हे ठरवलं. रोज तासन्‌तास सिनेमे पाहून आणि रात्री जागून डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं.

तिथे त्यांनी फक्त कॅमेरा घेतला नाही. विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि फिल्म छापायचं यंत्रही घेतलं. छपाईवाल्याला पक्कं ठाऊक होतं की टिपणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं छपाईत असतं.

दादरच्या घरात मग कारखाना सुरू झाला. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. अंधाऱ्या खोलीत बसून सरस्वतीबाई तिला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायलाही शिकल्या. वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून केलेला छोटा चित्रपट दाखवून फाळक्यांनी भांडवल मागितलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शूटिंगच्या काळात सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करायच्या.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय सिनेमाची सुरुवात या घरच्या छपाईतून झाली.

आणि पाण्याचं म्हणाल, तर तेही फाळक्यांनी सोडलं नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो. कृष्ण झाली होती त्यांचीच लहानगी मुलगी मंदाकिनी. काठावर गोकुळ हवालदिल आणि खाली झुंज, हे दृश्य आजही बघायला मिळतं, कारण या चित्रपटाचा बराच भाग टिकला आहे. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे लाल रंग हरवण्याचा प्रश्न नव्हता. ट्रिकने पाण्याखालचा आभास मात्र उभा केला.

बोलपट आल्यावर काळ बदलला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा ते सिनेसृष्टीच्या झगमगाटापासून लांबच होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

काशीदचा फोटो घरी छापणाऱ्याने या गोष्टीतून एवढं घ्यावं. आधी लाल रंग एडिटिंगमध्ये शक्य तितका परत आणावा. मोठी प्रिंट काढण्याआधी एक छोटी काढून बघावी. साधा कागद शाई पितो आणि रंग मरतात, म्हणून फोटोपेपरच वापरावा. प्रिंटर घेताना नुसती किंमत न बघता शाईचा खर्च विचारावा आणि जमलं तर आपलाच एखादा निळा-हिरवा फोटो दुकानात छापून बघावा.

फाळके यंत्रं पारखायला जर्मनीला गेले होते. इथे तर दुकानापर्यंतच जायचं आहे.