सत्त्याऐंशी दिवसांचा बादशहा

रोमचा बादशहा पर्टिनॅक्स यानें अवघे ८७ दिवस राज्य केलें. तरी त्याचें चरित्र आम्हांस मोठें वाटतें.

इ. स. १२६ सालीं इटलींतील लिग्यूरिया प्रांतीं, दास्यांतून मुक्त झालेल्या एका मनुष्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. प्रथम तो व्याकरणाचा शिक्षक होता, हें ऐकून आमच्या गुरुजनांस संतोष होईल! पुढें सैन्यांत शिरून तो ब्रिटनच्या सुभेदारीपर्यंत चढला. उधळ्या कॉमोडसचा खून झाल्यावर १ जानेवारी १९३ रोजीं त्यास राज्यपद मिळालें.

खजिना रिता होता. अशा वेळीं राजे चांदींत तांबें वाढवितात. यानें उलट केलें. कॉमोडसच्या चैनीच्या वस्तु लिलावांत विकल्या आणि 'डिनेरियस' या रुप्याच्या नाण्यांतील चांदी वाढविली.

शरीररक्षक शिपायांस मात्र त्याची शिस्त रुचली नाहीं. २८ मार्च रोजीं ते सशस्त्र राजवाड्यांत घुसले. वृद्ध बादशहा पळाला नाहीं. सामोरा जाऊन त्यांची समजूत घालूं लागला. त्यांनीं त्यास तेथेंच ठार केलें, आणि मग राज्यच लिलावांत काढलें! डिडियस ज्युलियानस यानें तें विकत घेतलें.

त्याच सालीं सेप्टिमियस सेव्हरस गादीवर आला. त्यानें पर्टिनॅक्सला देवपद देऊन त्याच्या नांवाचीं नाणीं पाडलीं; पुढें नाण्यांतील चांदी घटविली तीही त्यानेंच.