मतदारसंघ नसलेला खासदार, पाठीशी मात्र लाखो भूमिहीन : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

दिंडोरी : अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी सरकारी योजना गावोगाव माहीत आहे. अर्जावर तिचं नाव असतं ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’. पण हे दादासाहेब कोण आणि जमिनीच्या योजनेला त्यांचंच नाव का, हे नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं.

आंबे गावचे भाऊराव

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी महार कुटुंबात झाला. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब मुंबईला, कधी परदेशात. नाशिकची रोजची बाजू सांभाळली ती दादासाहेबांनी. दगडफेक झाली, अटका झाल्या, तरी सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. अखेर १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहून, आता ताकद शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असं कळवलं.

१९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. १९५६ च्या धर्मांतरातही ते बाबासाहेबांसोबत होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चळवळीचा मोठा भार दादासाहेबांच्या खांद्यावर आला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून ते लोकसभेवर गेले.

राज्यसभेतली सहा वर्षं

१९६२ ते १९६८ या काळात दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेचा खासदार आपण थेट मत देऊन निवडतो. राज्यसभेचा खासदार मात्र राज्यातले आमदार निवडतात. मुदत सहा वर्षांची. ना वॉर्ड, ना तालुका, ना दर पाच वर्षांनी मतदारापुढे हात जोडणं. दिल्लीत निवांत बसायचं म्हटलं तर बसता येतं. दादासाहेब बसले नाहीत. गावकुसाबाहेरचा भूमिहीन शेतमजूर हाच त्यांनी आपला मतदारसंघ मानला.

काळही तसाच होता. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली. गावकीच्या राबणुकीतून सुटका झाली, पण हाती पुरेशी जमीन नव्हती. १९६१ मध्ये महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. जास्तीची जमीन निघणार, ती वाटली जाणार असं कागदावर ठरलं. प्रत्यक्षात ती कुणाच्या नावावर चढते, हा खरा प्रश्न होता.

दादासाहेबांनी १९५९ मध्येच मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला होता. राज्यसभेत असताना त्यांनी तो देशभर नेला. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, किमान वेतन लागू करा, धान्य रास्त भावानं मिळू द्या, दलितांवरचे अत्याचार थांबवा, नवबौद्धांना सवलती द्या आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. बायाबापड्यांसह लाखो माणसं तुरुंगात गेली. तुरुंग अपुरे पडले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला बोलणी करावी लागली आणि १९६५ च्या सुरुवातीला आंदोलन थांबलं.

घरातले मतभेद

सगळं गोड नव्हतं. रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. शिकलेल्या वकील मंडळींपैकी काहींना दादासाहेबांचा मोर्चे-सत्याग्रहाचा मार्ग पटत नव्हता. पुढे १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेजवळ गेलो तर गरिबाची कामं होतील, हा त्यांचा हिशोब होता. मात्र त्यामुळे चळवळीची धार गेली, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती आजही होते.

१९६८ मध्ये राज्यसभेची मुदत संपली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

मागण्या मागाहून मान्य

सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं १९९० मध्ये. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. म्हणजे दादासाहेब जाऊन १८ वर्षं झाल्यावर. त्यांच्या नावाची जमिनीची योजना राज्यात २००४ मध्ये आली. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान झालं.

तरीही अडचण आहेच. सरकारी दरात जमीन विकायला मालक सहसा तयार होत नाहीत, त्यामुळे कित्येक अर्ज पडून राहतात. साठ वर्षांपूर्वी दादासाहेबांनी मागितलं होतं ते भूमिहीनाच्या नावाचा सातबारा. अर्जावर त्यांचं नाव आलं. सातबाऱ्यावर भूमिहीनाचं नाव यायचं अजून बरंच बाकी आहे.