डेल्फ्टचा कापडवाला



जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीचे प्रकरण निघाले की पहिले नाव येते ते रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचे. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याने मधाच्या पोळ्यासारख्या बारीक खोल्या पाहिल्या आणि १६६५ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांना सेल हे नाव दिले. परंतु बुचातल्या त्या खोल्या रिकाम्या होत्या. आतला जीव केव्हाच संपला होता, उरल्या होत्या नुसत्या भिंती. जिवंत, पाण्यात पोहणारे, एकाच पेशीचे जीव ज्याने प्रथम पाहिले व त्यांचे वर्णन लिहून ठेवले, तो माणूस निराळा. तो ना डॉक्टर होता, ना प्राध्यापक. हॉलंड देशातील डेल्फ्ट नावाच्या गावात त्याचे कापडाचे दुकान होते. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

२४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट येथे त्याचा जन्म झाला. बाप टोपल्या विणण्याचा धंदा करी. आंतोनी पाच वर्षांचा असताना बाप वारला. आईने पुढे दुसरे लग्न केले. मुलाला जवळच्या गावातल्या शाळेत ठेवले गेले, काही काळ तो एका नातेवाइकाकडे राहिला. त्या काळी विद्वानांचा सारा व्यवहार लॅटिन भाषेत चाले. वैद्यक घ्या, कायदा घ्या, गणित घ्या, लॅटिनवाचून दार उघडत नसे. आंतोनी लॅटिन शिकला नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅम शहरी एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला धाडण्यात आले. तेथे तो हिशेब लिहायला आणि माल पारखायला शिकला. १६५४ साली तो डेल्फ्टला परतला, लग्न केले, घर घेतले आणि दुकान थाटले.

आपल्यापैकी जे कापडाच्या धंद्यात आहेत त्यांना सांगायला नकोच की चांगल्या मालाची पारख धाग्याच्या गणतीवरून होते. ती गणती करायला भिंग लागते. लेव्हेनहूकच्या हातात भिंग आले ते या वाटेने.

घरात त्याला सुख फारसे लाभले नाही. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पहिली पत्नी गेली. पाच वर्षांनी त्याने दुसरे लग्न केले, ती पत्नीही त्याच्या आधी वारली. १६६० पासून त्याला गावच्या कचेरीत एक लहानशी नोकरी होती. दालन उघडणे, साफसफाईवर देखरेख करणे, थंडीत शेगडी पेटवून ठेवणे अशी कामे त्याच्याकडे असत. पुढे त्याने जमीन मोजणीची परीक्षा दिली, आणि दारूच्या पिंपांचे माप घेण्याचे कामही गावाने त्याच्यावर सोपवले. मोजमाप हा त्याच्या अंगचा गुण होता, आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामी हाच गुण त्याला सर्वांत उपयोगी पडला असे मला वाटते.

त्याचा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखा उभा नव्हता. दोन बोटे रुंदीच्या पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेले ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे एकच भिंग, आणि मागे स्क्रूवर पुढेमागे सरकणारी एक टोकदार सुई. सुईच्या टोकावर पाहायची वस्तू लावायची, पट्टी डोळ्याला जवळजवळ टेकवायची आणि उजेडाकडे तोंड करायचे, एवढीच रीत. त्याची म्हणून जी उपकरणे आज ठाऊक आहेत त्यांपैकी उट्रेक्ट येथील एक सुमारे २७० पट मोठे करून दाखवते. त्या काळातल्या बहुतेक दोन भिंगांच्या यंत्रांना हे साधत नव्हते. अशी सुमारे ५०० भिंगे व सूक्ष्मदर्शक त्याने आयुष्यभरात आपल्या हाताने बनवले.

डेल्फ्टमध्येच रेनियर द ग्राफ नावाचा एक नामांकित डॉक्टर राहत असे. त्याने १६७३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लेव्हेनहूकविषयी पत्र लिहिले. सोसायटी म्हणजे त्या काळच्या शास्त्रज्ञांचा दरबारच म्हणा ना. त्यानंतर पन्नास वर्षे लेव्हेनहूक त्या दरबाराला पत्रे पाठवीत राहिला, आणि ती सारी आपल्या डच बोलीत, दुकानदाराच्या साध्या भाषेत. लंडनला त्यांचे भाषांतर करून ती छापली जात. चित्रकला त्याला जमत नव्हती, म्हणून आकृत्या काढायला तो पदरचे पैसे देऊन चित्रकार बोलवी.

१६७४ च्या उन्हाळ्यात तो गावाजवळच्या एका तळ्यावर गेला. त्याचे पाणी त्या दिवसांत गढूळ व हिरवट होई आणि लोक ते दवामुळे होते असे म्हणत. लेव्हेनहूकने बाटलीत थोडे पाणी घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते भिंगातून पाहिले. स्क्रूच्या आट्यांसारखे वळलेले हिरवे तंतू त्यात दिसले, ज्यांना आपण आज शेवाळ म्हणून ओळखतो. आणि त्यांच्यामधून भराभर पोहणारे, वळणारे, वरखाली जाणारे बारीक जीव दिसले. ह्यांना तो छोटे प्राणी म्हणे. पेशी हा शब्द त्याने त्यांना लावला नाही. ते एकाच पेशीचे जीव आहेत हे कळायला अजून दीडशे वर्षांहून अधिक काळ जायचा होता.

मित्रांनो, आपल्या शरीरात अन्न पचवायला एक अवयव, घाण बाहेर टाकायला दुसरा आणि चालायला तिसरा. त्या पाण्यातल्या जिवाला हे सगळे एकाच पेशीत उरकावे लागते. कडेने केसासारख्या बारीक पक्ष्माभिका असतात, त्या वल्ह्यांसारख्या चालवून तो पोहतो. गिळलेले अन्न एका फुग्यात बंद करून त्यातच ते पचवतो. सभोवतालचे पाणी सारखे आत झिरपत असते, ते गोळा करून ठरावीक वेळाने बाहेर फेकणारा आणखी एक फुगा त्याच्याजवळ असतो. तो थांबला तर पेशी फुगून फुटेल. लेव्हेनहूकला ह्या पक्ष्माभिका लहान पायांसारख्या भासल्या. देठावर बसून क्षणात आक्रसणारा आणि पुन्हा लांबणारा घंटेच्या आकाराचा जीवही त्याने टिपून ठेवला.

१६७६ ची गोष्ट तर आपल्या मसाल्याच्या डब्याशी नाते सांगते. डच ईस्ट इंडिया कंपनीची एक शाखा डेल्फ्टमध्ये होती, आणि मलबार व पूर्वेकडील बेटांतले काळे मिरे कंपनीच्या जहाजांतून हॉलंडला उतरे. मिरे तिखट का लागते? त्याला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील काय? हे पाहण्यासाठी त्याने मिरे पाण्यात भिजत घातले. दाण्यांवर काटे काही सापडले नाहीत. परंतु एप्रिलमध्ये, तीन आठवडे भिजलेल्या त्या पाण्यात त्याला आधीच्या जिवांहूनही कितीतरी लहान असे जीव दिसले. ते जिवाणू होते. जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसते, आनुवंशिक द्रव्य पेशीरसातच मोकळे पडलेले असते.

९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्राने हे लंडनला कळवले गेले, आणि येथे खरी कसोटी आली. बाजरीच्या दाण्याएवढ्या पाण्यात हजारो जिवंत प्राणी आहेत असे कोणी पदवी नसलेला, लॅटिन न येणारा दुकानदार म्हणतो, तेव्हा त्यावर कोणी का विश्वास ठेवावा? सोसायटीचा नेहेमाया ग्रू हा वनस्पतिशास्त्रज्ञ प्रयत्न करून पाहू लागला, त्याला काही दिसेना. लेव्हेनहूक चिडून गप्प बसला नाही. गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना त्याने घरी बोलावले, त्यांत पाद्री होते, नोटरी होता. प्रत्येकाला भिंगातून पाहायला लावले आणि काय दिसले ते त्यांच्या सहीनिशी लिहून घेऊन लंडनला धाडले. एखाद्या दस्तऐवजाला साक्षीदार घ्यावेत तसे! तरीही निकाल साक्षीदारांनी लागला नाही. हूकने स्वतः मिऱ्याचे पाणी तयार केले, बारीक भिंगे बनवली, आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सोसायटीच्या सभासदांनी ते जीव आपल्या डोळ्यांनी पाहिले. १६८० साली लेव्हेनहूकला सोसायटीचा सभासद करून घेण्यात आले. तेथील सभेला तो कधीही गेला नाही.

त्यानंतर तो जे हाती लागेल ते पाहत सुटला. रक्तातले तांबडे कण त्याने १६७४ मध्येच पाहिले होते. त्याच्या आधी स्वामरडाम या डच अभ्यासकाला ते दिसले होते, पण लेव्हेनहूकने ते मोजण्याचा प्रयत्न केला. मोजायला पट्टी नव्हती, तेव्हा त्याने वाळूचा कण हेच माप धरले. आज आपण जाणतो की माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे सात ते आठ हजारांश एवढा असतो. त्याचा अंदाज ह्याच्या जवळ जाणारा होता. सामन माशाच्या तांबड्या पेशीत मधोमध एक उजळ ठिपका त्याला दिसला, तो त्याने चित्रात दाखवला. ते केंद्रक होय. माणसाची तांबडी पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते, म्हणून प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला आत अधिक जागा मिळते. केंद्रक नसल्यामुळे तिला दुरुस्ती करता येत नाही आणि सुमारे १२० दिवसांत ती संपते. १६७७ मध्ये त्याने शुक्रपेशी पाहिल्या. विषय नाजूक होता, म्हणून पत्र छापावे की नष्ट करावे हे त्याने सोसायटीच्या अध्यक्षांवर सोपवले. ते छापले गेले.

१६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरची पांढरी कीट तपासली. रोज सकाळी तो मिठाने दात घासत असे, तरी तीत जिवाणू होतेच. मग आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याची कीट पाहिली, तेव्हा तीत त्यांची झुंबड आढळली. पुढे एकदा त्याच्या ध्यानात आले की गरम कॉफी प्याल्यावर पुढच्या दातांवरचे जीव मेलेले असतात, मागच्या दाढांवरचे मात्र जिवंत राहतात. पिसवा धुळीतून आणि धान्यातले किडे धान्यातूनच आपोआप उपजतात, हा समजही त्याने त्यांची अंडी व अळ्या दाखवून खोडून काढला.

१६९८ मध्ये रशियाचा झार पीटर नावेतून डेल्फ्टला आला, तेव्हा लेव्हेनहूकने त्याला बाम माशाच्या शेपटीतले रक्ताभिसरण दाखवले.

एवढे सारे खरे असले तरी त्याची एक बाजू आपण झाकून ठेवू नये. आपली उत्तम भिंगे आणि ती घडवण्याची कृती त्याने कोणालाही दिली नाही. पाहुण्यांना तो साधी उपकरणे दाखवी. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याने त्याला सुचवले की तरुण मुलांना हाताशी धरून ही विद्या शिकवावी. त्याने ते मानले नाही. शिकणाऱ्यांना पैसा किंवा नाव हवे असते, आणि ह्या कामाला लागणारी चिकाटी हजारांत एकाजवळही नसते, असे त्याचे मत होते. परिणाम काय झाला? त्याच्या मागे शंभर वर्षांहून अधिक काळ जिवाणूंचा अभ्यास जवळजवळ खुंटला. श्लायडेन व श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत मांडला तो १८३८-३९ मध्ये, चांगले दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर. सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण तसल्या भिंगातून पाहणे डोळ्यांना फार जाचक होते. पण एकही शिष्य न ठेवणे हे नुकसानीचेच ठरले.

शेवटच्या आजारात त्याच्या छातीखालचा पडदा राहून राहून उसळे. हा हृदयाचा विकार नसून त्या पडद्याचा आहे हे त्याने ओळखले आणि त्याचे वर्णन सोसायटीला कळवले. त्या दुर्मिळ विकाराला आज त्याचेच नाव आहे. मृत्युशय्येवरून त्याने एका मित्राला शेवटची दोन पत्रे लॅटिनमध्ये उतरवून पाठवायला सांगितली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला.

मारियाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक लंडनला पाठवले. ते एकोणिसाव्या शतकात गहाळ झाले. बाकीचे १७४७ मध्ये लिलावात गेले. १९८१ साली ब्रायन फोर्ड या संशोधकाला सोसायटीच्या दप्तरात लेव्हेनहूकच्या पत्रांना जोडलेल्या लहान पुड्या सापडल्या. त्यांत त्याने कापलेले बुचाचे पातळ काप होते, तीनशे वर्षांनंतरही तपासण्याजोगे. आणि २०२१ मध्ये उट्रेक्टचा सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉनच्या झोतात तपासला गेला. आतले भिंग घासून बनवलेले नव्हते, काच वितळवून केलेला तो एक गोल मणी होता. असा मणी कसा बनवावा हे रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापून ठेवले होते.