विश्लेषण : ‘बालवाडी’ नावावर मालकी कोणाची? ताराबाई मोडकांचा वारसा काय सांगतो?

नामांकित ब्रँडचे नाव दुसऱ्याने वापरून त्याचे वेगळेपण पुसट केले, तर मूळ मालक न्यायालयात दाद मागू शकतो. मग गल्लोगल्ली ‘मॉन्टेसरी’ आणि ‘बालवाडी’ अशा पाट्या लागतात, त्यावर दावा का होत नाही? उत्तर शोधताना डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीपर्यंत जावे लागते.

ताराबाई मोडक कोण होत्या?

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. राजकोटला शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी काम केल्यानंतर त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत हा त्या प्रयोगाचा पाया होता. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला.

‘मॉन्टेसरी’ नावाचे काय झाले?

मारिया मॉन्टेसरी यांनी १९२९ मध्ये आपल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. पुढे अमेरिकेत नावाच्या हक्कावरून वाद झाला. १९६७ मध्ये तेथील ट्रेडमार्क मंडळाने हे शिक्षणपद्धतीचे सर्वसामान्य नाव असल्याचे ठरवले. एका संस्थेची मक्तेदारी त्यावर राहिली नाही.

कोसबाडला वेगळे काय घडले?

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथेच अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५०च्या दशकात काम कोसबाडला गेले. महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तू साधने झाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात गेली. बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा ही नावे या कामातून रूढ झाली.

कायदा काय म्हणतो?

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार बोलीभाषेत रुळलेल्या शब्दाची केवळ शब्द म्हणून नोंदणी होत नाही. ‘अमुक बालवाडी’ या नावाची नोंदणी झाली, तरी ‘बालवाडी’ या शब्दावर हक्क मिळत नाही. याच तालुक्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ते नाव इतर भागांतील चिकूला लावता येत नाही. ‘बालवाडी’ला असे कुंपण नाही.

मग तोटा कोणाचा?

नाव मोकळे राहिले म्हणूनच ते पसरले. ताराबाईंचे निधन ऑगस्ट १९७३ मध्ये झाले. १९७५ मध्ये केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पण ज्या नावाला राखणदार नाही, त्याच्या दर्जाचीही हमी नाही. तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर बाकावर बसवून अक्षरे गिरवायला लावणारा वर्गही दारावर ‘बालवाडी’ लिहू शकतो. तेथे कोर्ट कामाला येत नाही. पालकांनी पाटी वाचून न थांबता, आत मूल काय करते ते पाहायला हवे.