घोड्यांची माय : डोरोथी ब्रुक

आपल्या भित्तिपत्रकात राजांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे नेहमी येतात. आज मी लंगड्या, म्हाताऱ्या घोड्यांसाठी झटणाऱ्या एका बाईंची माहिती लिहीत आहे.

डोरोथी ब्रुक यांचा जन्म इ. स. १८८३ साली झाला. त्यांचे पती ब्रिटिश घोडदळात मोठे अधिकारी होते. सन १९३० मध्ये पतीबरोबर त्या इजिप्त देशातील कैरो शहरात राहायला गेल्या.

त्याआधी १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. त्यात घोड्यांनी स्वार पाठीवर वाहिले, तोफा आणि सामान ओढले. युद्ध संपले, शिपाई आपापल्या घरी गेले. पण घोडे? ते काही घरी गेले नाहीत. हजारो घोडे सरकारने तिथेच विकून टाकले. मग त्यांच्या नशिबी आल्या दगडाच्या खाणी आणि जड गाड्या!

कैरोत आल्यावर बाईंनी हे घोडे शोधायला सुरुवात केली. लष्कराच्या घोड्यांच्या अंगावर बाणाची खूण डागलेली असे. त्यावरून ते ओळखू येत. कोणाच्या बरगड्या दिसत होत्या, कोण आंधळा झालेला, कोण पाय ओढत चाललेला. आणि तरी बिचारे गाडी ओढतच होते. बाईंना फार वाईट वाटले.

पण त्यांनी घोड्यांच्या मालकांना शिव्याशाप दिले नाहीत. कारण मालकही गरीबच. त्यांची भाकरी त्या घोड्यावरच होती. म्हणून बाई पैसे देऊन घोडे विकत घेऊ लागल्या. सन १९३१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या एका वर्तमानपत्राला पत्र पाठवून घोड्यांचे हाल कळवले. ते वाचून लोकांनी खूप पैसे पाठवले. तीन वर्षांत त्यांनी सुमारे ५,००० घोडे सोडवले.

आता एक गोष्ट लिहिताना मला वाईट वाटते. त्यातले बहुतेक घोडे इतके थकलेले होते की ते बरे होणे शक्यच नव्हते. बाईंनी त्यांना पोटभर चारा, पाणी आणि आराम दिला. मग वेदना होऊ नयेत अशा रीतीने त्यांना शांत मरण दिले. हे काम सोपे नव्हते. पण तसेच सोडले असते तर ते घोडे गाडीखालीच मेले असते.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. घोडा लंगडा होऊन पडेपर्यंत वाट का बघायची? आधीच औषधपाणी केले तर? म्हणून त्यांनी सन १९३४ मध्ये कैरोत जनावरांचा दवाखाना काढला. तिथे गरिबांच्या घोड्यांवर आणि गाढवांवर फुकट उपचार होऊ लागले. जनावर बरे झाले की मालकाचीही चूल पेटायची. सन १९५५ मध्ये बाई वारल्या, पण त्यांचे काम बंद पडले नाही. पुढे ते कितीतरी देशांत आणि आपल्या भारतातही सुरू झाले.

मित्रांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. तशी काळजी वर्षभर घेतली पाहिजे. जनावर लंगडायला लागले, तर त्याला त्याच दिवशी जुंपायचे सोडून डॉक्टरांना दाखवावे. आईवडिलांनीही हे वाचावे, ही विनंती.

अशा या दयाळू बाईंना माझा नमस्कार!

— इयत्ता ४ थी