लोकसभेचे पहिले अध्यक्ष कै. दादासाहेब मावळंकर

सभेत ज्यांची संख्या अधिक, त्यांचा निर्णय चालावयाचाच. परंतु ज्यांची संख्या थोडी, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले जाते किंवा नाही, यातच त्या सभेची परीक्षा असते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेस हा धडा ज्यांनी प्रथम घालून दिला, त्या गणेश वासुदेव मावळंकर यांचे चरित्र वाचकांस बोधप्रद वाटेल.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. अहमदाबादेस त्यांनी वकिली केली, तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत वारंवार कारावासही सोसला. लोक त्यांस आदराने दादासाहेब म्हणत.

सन १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. आपल्या ठाणे जिल्ह्याचे प्रतिनिधीही त्याच सभेत बसत. पुढे २४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत अध्यक्षाची निवडणूक झाली. तेथे त्यांच्या पक्षास बहुमत नव्हते. सर कावसजी जहांगीर यांच्या ६३ मतांविरुद्ध दादासाहेबांस ६६ मते पडली. जवळजवळ अर्ध्या सभेने ज्यास नाकारले, त्याने सर्वांचा अध्यक्ष कसे व्हावे? त्यांच्या पुढील सर्व कारकीर्दीत या प्रश्नाचे उत्तर आढळते.

देश स्वतंत्र झाल्यावर घटना समितीकडे दोन कामे आली. राज्यघटना रचतेवेळी डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी असत. तीच सभा कायदे करण्यास बसे, तेव्हा १७ नोव्हेंबर १९४७ पासून ते स्थान दादासाहेबांकडे आले. २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले. नंतर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारयाद्यांत १७ कोटींहून अधिक नावे होती. ठाणे-कल्याणकडील निरक्षर शेतकरी व मजूर स्त्रियांसही श्रीमंतांइतकेच एक मत मिळाले. या मतांतून उभ्या राहिलेल्या लोकसभेने १५ मे १९५२ रोजी दादासाहेबांस ३९४ विरुद्ध ५५ मतांनी अध्यक्ष निवडले.

आता बहुमत मोठे होते, म्हणून मोहही मोठा होता. परंतु सभागृहास वगळून वटहुकुमांनी कारभार करण्याची सवय लोकशाहीस घातक आहे, असे त्यांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंस कळविले. मंत्री सभागृहात देतात ती आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहण्यास त्यांनी १९५३ मध्ये समिती नेमली.

तरीही १८ डिसेंबर १९५४ रोजी विरोधी सभासदांनी, अध्यक्ष निःपक्षपाती नाहीत असा आरोप करून, त्यांस पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. तेव्हा दादासाहेब आसनावर बसले नाहीत. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चर्चा झाली. ठराव नामंजूर झाला. परंतु अध्यक्षासही सभेपुढे जाब द्यावा लागतो, ही गोष्ट त्या दिवशी देशास दिसली.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, दिल्लीची सभा आपणांपासून दूर असली, तरी ग्रामसभा आपल्या दाराशीच आहे. तेथे अध्यक्षाच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग आपणांवर आला, तर ज्यांनी आपणांस मत दिले नाही त्यांचेच म्हणणे आधी ऐकावे. दादासाहेबांचे हेच खरे स्मारक होईल.