अज्ञाताला अक्षर देणारे भास्कराचार्य

खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे स्थळ आहे. तेथील देवीच्या देवळातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत असून त्यात एका विद्वान घराण्याची वंशावळ दिली आहे. शेवटचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे, घाण्यामागे ठरावीक तेल अशी देणगी एका मठास लावून दिल्याची ती नोंद आहे. हा मठ भास्कराचार्य व त्यांच्या कुळातील विद्वान यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून आचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास स्थापिला होता. सुपारीच्या आणि तेलाच्या उत्पन्नावर गणिताची शाळा चालविण्याची ही तजवीज आम्हांस फार बोलकी वाटते. ज्या थोर पुरुषासाठी ती झाली त्याचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी अंकात थोडक्यात सांगावे, असा आमचा मानस आहे.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी मोजकेच लिहून ठेविले आहे. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली झाला. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते पाटणच्या परिसरात मानतात, कोणी बीड तर कोणी विजापूर सुचवितात. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व ग्रंथकार होते, आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. विद्या घरातच मिळाली. तिच्यासाठी त्यांना परका उंबरठा झिजवावा लागला नाही. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय अशी त्याची चार अंगे मानतात. पुढे ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगोपयोगी ग्रंथ लिहिला. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला.

लीलावती हे नाव निघाले की विधवा कन्येची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची कथा हटकून सांगितली जाते. ती कथा आचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. ती आपल्याला भेटते फैजीच्या फारसी भाषांतरात, म्हणजे चार शतकांहून अधिक काळानंतर. कथा करुण आहे हे खरे. परंतु आचार्यांचे खरे मोठेपण तिच्यात नाही. ते त्यांच्या लेखनरीतीत आहे.

गणित ही एक भाषा आहे असे आपण आज सहज म्हणतो. तिला स्वतःची अक्षरे आहेत आणि स्वतःचे व्याकरण आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ही भाषा आपल्याला चांगली वयात आलेली दिसते. ज्या राशीचे मूल्य ठाऊक नाही तिला त्यांनी यावत्तावत् म्हटले, म्हणजे जितके असेल तितके. अज्ञात राशी एकीहून अधिक असल्या तर पुढच्यांना रंगांची नावे दिली: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना प्रत्येकीचे आद्याक्षर तेवढे घ्यावयाचे: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येस रूप म्हणावयाचे आणि तिच्यापुढे रू लिहावयाचे. वर्गासाठी व, घनासाठी घ, आणि दोन अज्ञातांच्या गुणाकारासाठी भावित या शब्दातील भा. जी संख्या ऋण असेल तिच्या डोक्यावर टिंब द्यावयाचे. बेरजेचे वा बरोबरीचे चिन्ह त्या काळी नव्हते. एक पक्ष वर व दुसरा त्याच्या खाली मांडला की दोन्ही समान आहेत असे समजावयाचे.

त्यांच्याच ग्रंथातील एक उदाहरण पाहावे. एका मनुष्यापाशी ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी १० घोडे आहेत, पण त्याच्या शिरावर १०० रुपयांचे कर्ज आहे. सर्व घोडे सारख्याच किमतीचे असून दोघांची मालमत्ता समान आहे, तर एका घोड्याची किंमत किती? आचार्यांच्या रीतीने पहिल्या ओळीत या ६ रू ३०० असे मांडावे. तिच्याखाली या १० रू १०० असे मांडून या १०० वर ऋणाचे टिंब द्यावे. मग खालच्या ओळीतील दहा या मधून वरचे सहा वजा करावे, आणि वरच्या ३०० मधून खालचे ऋण १०० वजा करावे. ऋण वजा करणे म्हणजे मिळविणे. म्हणून चार या बरोबर ४०० रूपे, आणि एका घोड्याची किंमत १०० ठरते. बाजारातील घोडे, सावकाराचे देणे आणि दोन माणसांची बरोबरी हे सर्व दोन ओळींत मावले. सावकाराच्या कर्जाचे तर एक टिंब झाले.

ही चिन्हे आचार्यांनी एकट्याने शोधली असे म्हणणे त्यांनाच आवडले नसते. रंगांच्या नावांनी अज्ञात राशी ओळखण्याची रीत सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात आढळते, आणि ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण आचार्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यांनी केले ते असे की, विखुरलेली विद्या एकत्र आणून, नियम नेटके बांधून, शिकणाऱ्यापुढे ठेविली. चक्रवाल या रीतीने त्यांनी एक अवघड प्रश्न सोडविला आहे: ज्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविले असता पूर्ण वर्ग होतो, अशी संख्या कोणती? त्यांचे उत्तर २२६१५३९८० असून वर्गमूळ १७६६३१९०४९ येते. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा याने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेविला, तेव्हा आचार्यांच्या उत्तरास पाच शतके होऊन गेली होती.

आणि तरीही, अक्षरांवर एवढा अधिकार असलेल्या या पुरुषाने बजावून ठेविले आहे की बीज हे अक्षरांत नसते. वर्ण केवळ साहाय्यक. खरे बीज एकच, आणि ते म्हणजे बुद्धी. आमच्या मते त्यांच्या जीवनकार्याचे सार येथेच आहे. चिन्हे बदलली तरी ज्याने विचार आत्मसात केला त्याचे काही हरवत नाही.

पुढील इतिहासाने याची साक्ष दिली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली लीलावती फारसीत आणली. शहाजहानच्या काळी, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसी भाषांतर केले. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा शिल्पकार म्हणून ओळखला जातो तो हाच. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये इंग्रजी रूपांतर केले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक याने दोन्ही ग्रंथ मूळ संस्कृतावरून इंग्रजीत नेले. या प्रत्येक मुक्कामावर या आणि का यांचा वेष पालटला. विचार तोच राहिला.

या प्रवासातील एक मुक्काम आपल्या दिल्लीचा आहे. दिल्ली कॉलेजातील अध्यापक मास्टर रामचंद्र यांनी महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनाचा आधार न घेता केवळ बीजगणिताने सोडविणारा ग्रंथ १८५० साली प्रसिद्ध केला. भारतीयांचा जुना कल बीजगणिताकडे आहे, तेव्हा त्याच वाटेने त्यांना नव्या गणिताकडे न्यावे, ही त्यामागील भूमिका होती. लंडनच्या डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये तो ग्रंथ तेथे पुन्हा छापविला. रामचंद्रांचा जन्म १८२१ चा. आणि त्याच वर्षी जन्मलेले, मराठी घराण्यातील बापूदेव शास्त्री नागपुरास लीलावती शिकून पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. ग्रहांच्या तात्कालिक गतीविषयी आचार्यांनी केलेला विचार कलनाच्या तत्त्वाजवळ पोहोचतो, हे बापूदेवांनी आधुनिक जगापुढे मांडले. ज्या राणीचे नाव आमच्या लक्ष्मीबाई नगरास आहे, तीही काशीतल्याच मराठी घरात जन्मली होती. मुलुख सोडलेल्या मराठी घरांनी आपली विद्या कशी जपली, याची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

आमच्या पिढीतील मराठी शाळांत शिकलेल्यांनी अज्ञात राशीस क्ष म्हटले. येथे, लक्ष्मीबाई नगरात, आमची मुले तिला एक्स म्हणतात आणि गणित इंग्रजीत वा हिंदीत शिकतात. पुष्कळ आईबापांना याची खंत वाटते, आणि त्याहून अधिकांना आपण मुलास गणितात मदत करू शकत नाही, कारण आपली भाषा वेगळी, असे वाटते. पहिली भावना आम्ही समजू शकतो; दुसरी मात्र आम्हांस मान्य नाही. एक्स काय, क्ष काय आणि या काय, तिन्ही अज्ञाताचीच नावे. घोड्यांचे ते उदाहरण रात्रीच्या जेवणानंतर मुलास मराठीत सांगावे आणि त्याने ते आपल्या शाळेच्या चिन्हांत मांडावे. त्यात गणिताचे काही उणे होणार नाही, आणि मराठीस चार वाक्ये अधिक बोलली गेल्याचा लाभ होईल.

महेश्वरांनी भास्करास घरी शिकविले, आणि चांगदेवाने आजोबांच्या विद्येसाठी बाजारातून सुपारी व तेल मिळविले. चांगदेवाचा तो मठ आज उरला नाही. त्याची तरतूद करणारी मराठी अक्षरे मात्र दगडावर राहिली आहेत. आमच्या मंडळाने पन्नास वर्षे वर्गणी गोळा करून गणेशोत्सव केले, नाटके केली. पुढील वर्षांत त्याच वर्गणीतून आठवड्यातील एक संध्याकाळ मुलांच्या मराठीतून गणितासाठी राखून ठेवता आली, तर या पुरुषाचे स्मरण योग्य रीतीने झाले असे आम्ही मानू.